खांद्याचं माप

सरांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. "रात्री कोन्त्या कुशीवर झोपतीस?" असं विचारलं.

मी जळकोटहून अकरावीसाठी लातूरला आले होते. कॉलेजात एन.सी.सी. घेतली होती आणि तुकडीतल्या मुलींबरोबर मार्केट यार्डामागच्या नेमबाजीच्या हॉलवर पहिल्यांदाच पाऊल ठेवलं होतं. सोळा वर्षांच्या मुलीला एका अनोळखी, पांढऱ्या केसांच्या माणसानं सगळ्यांदेखत हे विचारावं! माझे कान तापले. मैत्रिणी ओढणी तोंडात कोंबून हसू दाबत होत्या.

"डाव्या," मी कसंबसं म्हणाले.

"म्हंजी उजवा खांदा दबत न्हाई. ठीक हाय." एवढं बोलून सर पुढच्या मुलीकडे वळले आणि तिला तिच्याच तळहातावर बसून दाखवायला सांगितलं.

सर भूगोलाचे प्राध्यापक होते आणि कॉलेजात असताना एन.सी.सी.चे अधिकारीही. निवृत्त झाल्यावर गावातल्या रायफल क्लबानं त्यांना शिकवायला ठेवून घेतलं. क्लब म्हणजे अप्पांचं तुरीचं जुनं गोदाम. अप्पा आडत बाजारातले मोठे व्यापारी आणि क्लबाचे अध्यक्ष. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरंशुभ्र धोतर, बोलणं अगदी मोजकं. गोदामाच्या भिंती रंगवून दहा मीटरवर नेमाचे कागद लावले होते, तरी हवा दमट झाली की फरशीच्या भेगांतून तुरीचा वास यायचाच.

सर सहा फुटांच्या वर उंच आणि ज्वारीच्या ताटासारखे बारीक. डॉक्टरांच्या गळ्यात नळी असते तशी त्यांच्या गळ्यात कायम शिंप्याची टेप. ते कुणाचंही माप घ्यायचे. एका लग्नात नवरदेवाच्या मागे उभं राहून त्यांनी मुलीच्या बापाला सांगितलं होतं, "जावयाचा डावा खांदा बोटभर खाली हाय. दुखून राहिला असंल, बोलत न्हाई बिचारा." मुलीकडचे आणि मुलाकडचे असे दोन्हीकडचे लोक नाराज झाले. तेव्हापासून काकू, म्हणजे सरांच्या बायको, लग्नांना एकट्याच जायच्या.

सर नेमाच्या कागदाकडे कधी बघत नसत. खुर्ची उलटी ठेवायचे, कागदांकडे पाठ आणि तोंड आमच्याकडे. आम्ही हवेच्या रायफलनं बारीक छर्रे मारायचो आणि सर आमचे पाय, कंबर, मान बघत बसायचे. "छर्रा कुठं गेला ते कागद सांगंल," ते म्हणायचे, "कामून गेला ते तुझी टाच सांगती."

आणि खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही. एकदा एक मोठे अधिकारी उद्घाटनाला आले. फोटोसाठी रायफल खांद्याला लावून उभे राहिले. सर पुढे गेले. "साहेब, खाली ठेवा. तुमची मान बगळ्यासारखी झालीय. पोरं बघून राहिलीत, त्यान्ला तीच सवय लागंल." फोटोग्राफरसुद्धा गार पडला. एक बाप आपल्या मुलाला घेऊन आला आणि म्हणाला, "सर, आमचा पुढं जाईल ना?" सरांनी मुलाकडे एक नजर टाकली. "जाईल की. आत्ताच घरी जाईल. त्याला इथं यायचंच न्हाई, तुमाला यायचंय." बाप तोंड उघडं टाकून उभा राहिला. मुलगा मात्र जन्मात पहिल्यांदा सुटी मिळाल्यासारखा हसला.

माझी उंची चार फूट नऊ इंच. ती तेवढीच राहिली. हॉलवर मला सगळ्यांत आवडली ती मांडणीवरची सर्वांत लांब, काळी रायफल. मी थेट तिलाच हात घातला.

"ही का?" सरांनी विचारलं.

"छान दिसती, सर."

"चपला घेताना पायात घालून बघतीस. आन बंदूक नुसती डोळ्यानं?" त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि कोपऱ्यातली स्टीलची घागर आणून दिली. "भर. न्हाणीतून भरून आण. गावाकडं कशी घेतीस तशी घे कमरंवर आन फिर हॉलमधी."

मी हबकलेच. सगळ्या मुलामुलींसमोर कमरेवर पाण्याची घागर घेऊन मी फेऱ्या मारत होते. पाणी हिंदकळून सलवार भिजली. मुलं खिदळत होती. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा सर म्हणाले, "थांब. आता सांग. घागरीचं वजन कुठं हाय? हातात?"

"नाही. हाडावर. कमरंच्या."

"बस. उभ्यानं नेम धरायचा म्हंजी एवढंच. कोपर कमरंच्या हाडावर टेकव, बंदूक हातावर ठेव आन वजन हाडाला दे. हाताला देशील तर हात थरथरंल. तुला हे तुझ्या आईनं आधीच शिकवलंय. हे शहरातले उंच पोरं, यान्ला मला पयल्यापासून शिकवावं लागतंय."

खिदळणं बंद झालं. पुढचे काही दिवस ती घागर मुलांच्याही कमरेवर फिरली.

क्लबाच्या सगळ्या रायफली मोठ्या माणसांच्या मापाच्या होत्या. त्यांतली त्यातल्या त्यात आखूड होती ती मला मिळाली, तरी तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला लागणारा मागचा लाकडी भाग, माझ्यासाठी लांबच होता. दस्ता खांद्याला लावला की बोट घोड्यापर्यंत जेमतेम पोहोचायचं. मागच्या चकतीतल्या बारीक भोकाला डोळा लावायला मान पुढे ताणावी लागायची आणि मान पुढे गेली की तोल सांभाळायला कंबर मागे जायची. सरावानंतर मानेत कळ यायची. रूमवर मी बाम चोळून झोपायचे. खेळ म्हटला की दुखणारच, अशी माझी समजूत. गुण एका जागी अडकले होते. सर रोज उलट्या खुर्चीवरून माझ्याकडे बघायचे, कपाळाला आठ्या घालून, पण बोलायचे नाहीत.

मग एका दुपारी मी हॉलचं दार ढकललं आणि दारातच थिजले.

सर गुडघ्यांवर चालत होते. गुडघ्यांना सुतळीनं पोत्याचे तुकडे बांधलेले, हातात माझी रायफल. एवढा उंच माणूस गुडघ्यांवर टकटक करत हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला जात होता, मध्येच थांबून नेम धरत होता. माझ्यामागून आलेल्या मैत्रिणीनं माझा दंड धरला. "नवस फेडून राहिले का गं?"

"तुझ्यायेवढा झालोय," सर माझ्याकडे बघून म्हणाले. "तुझं दुखनं मला कळून न्हाई राहिलं, म्हनून."

दुसऱ्या दिवशी ते गुडघ्यांवर नव्हते. स्वतःवरच चिडलेले होते. "येडा हाय मी. गुडघ्यावर बसल्यानं पाय आखूड होत्यात. हात तेवढेच, मान तेवढीच. काय उपेग?" आता त्यांनी नवीन युक्ती काढली होती. काकूंची एक वाकळ घडी करकरून शर्टाच्या आत उजव्या खांद्यावर कोंबली होती. खांदा उंटाच्या मदारीसारखा दिसत होता. त्या फुगीर खांद्याला रायफल लावली की ती त्यांच्याही हाताला लांब पडत होती, मला पडायची तशी. त्या अवतारात ते सबंध दुपार नेम धरत राहिले. संध्याकाळपर्यंत त्यांची मान अशी धरली की कुणाशी बोलायचं तर सगळं अंग वळवावं लागत होतं.

त्यांनी ती वाकळ काढून जमिनीवर आपटली.

"वरीसभर हे सोसलंस तू?" ते ओरडले. हॉलमधले सगळे छर्रे थांबले. "वरीसभर! आन तोंडातून शब्द काढला न्हाईस?"

"मला वाटलं असंच असतं, सर."

"असंच असतं! कोन म्हनलं तुला असंच असतं?" त्यांचे ओठ थरथरत होते. रागानं का कशानं ते मला तेव्हा कळलं नाही. मला कुठं दुखतं हे कळावं म्हणून कुणी स्वतःला दुखवून घेतल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. घरीसुद्धा नाही.

हॉलच्या समोरच्या भिंतीवर काचेचं कपाट होतं. त्यात एक रायफल उभी ठेवलेली असायची, अक्रोडी रंगाच्या दस्त्याची. बाजूला अप्पांच्या मुलाचा फोटो. तो याच हॉलवर सरांकडे शिकलेला, शाळकरी वयात तापानं गेलेला. मी येण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. दर रविवारी अप्पा येऊन कपाटासमोर उदबत्ती लावायचे आणि दसऱ्याला रायफलला हार घालायचे. साफसफाई फक्त सर करायचे. त्या रायफलला दुसरं कुणी बोट लावत नसे.

नांदेडला विभागीय स्पर्धा ठरली. तिथून राज्याच्या स्पर्धेसाठी विभागाच्या संघाची निवड व्हायची होती. सर अप्पांकडे गेले आणि कपाटातली रायफल माझ्यासाठी मागितली. अप्पांनी नाही म्हटलं. सर पुन्हा गेले. काकूंनी नंतर सांगितलं, अप्पा म्हणाले होते, "मास्तर, ती बंदूक न्हाई. ते पोरगं हाय माझं."

तरी एका रविवारी सकाळी सरांनी कपाट उघडलं. आम्ही चारपाच जण हॉलवर होतो. मला वाटलं, तेल द्यायला काढली असेल. सरांनी ती माझ्या हातात दिली.

"डोळे मीट. मिटलेल्या डोळ्यानंच खांद्याला लाव. गाल टेकव. मान ताणायची न्हाई, तुला बरं वाटंल तशीच ठेव. लावली? आता उघड."

मी डोळे उघडले. समोर चकतीचं भोक नव्हतंच. ते बरंच पुढे होतं.

"डोळे उघडल्यावर भोक समोर न्हाई, तर चूक बंदुकीची. तुझी न्हाई. ध्यानात ठेव, जन्मभर." त्यांनी टेप काढली. "वजन हलकं हाय. मूठ बारीक, बोट घोड्यावर नीट बसतंय. तोल तुझ्या हाताशी येतो. गालाची पट्टी खालीवर होती. सगळं तुझं हाय. फकस्त दस्ता चार बोटं लांब."

त्यांनी दस्त्याच्या मागची रबरी पट्टी स्क्रू काढून वेगळी केली. लाकडावर पेन्सिलीनं रेघ मारली. रायफल टेबलावरच्या शिकंज्यात आवळली. मग टेबलाखालून करवत काढली.

"सर, नको!" मी ओरडले. "अप्पा येतील. आज रविवार आहे!"

"म्हनून तर आज. चोरून कापू का?"

करवत लाकडात शिरली. तो आवाज मला आजही नको वाटतो. भुसा टेबलावर पडत होता, तांबूस, बारीक. एक मुलगी तोंडावर हात ठेवून बाहेर पळाली. शेवटी तुकडा टक्कन फरशीवर पडला. सरांनी कापलेली कड घासली, रबरी पट्टी परत बसवली आणि रायफल माझ्याकडे धरली. "डोळे मीट."

मी डोळे मिटून लावली. गाल टेकवला. मान सरळ, कोपर कमरेच्या हाडावर. डोळे उघडले तर भोक, त्यात पुढची गोल कडी आणि कडीच्या मधोमध लांबचा काळा ठिपका. सगळं एकात एक, शांत. कुठं काही ताणलं गेलेलं नव्हतं. वर्षभर मी जिला नेमबाजी समजत होते ते काहीतरी वेगळंच होतं, हे त्या क्षणी कळलं आणि मला रडू फुटलं.

अप्पा दारात उभे होते. हातात उदबत्तीचा पुडा. त्यांनी मोकळं कपाट पाहिलं, माझ्या खांद्यावरची रायफल पाहिली, मग फरशीवरचा तुकडा. ते वाकले. तुकडा उचलून त्यावरचा भुसा बोटानं पुसला.

"इथं त्याचा खांदा टेकायचा," ते म्हणाले.

सर सरळ उभे होते. "हाव. पन आता न्हाई टेकत, अप्पा."

अप्पांनी टाचा उंचावल्या आणि सरांच्या थोबाडीत मारली.

चष्मा उडून पडला. सरांनी वाकून चष्मा उचलला, डोळ्यांवर न लावता खिशात ठेवला आणि म्हणाले, "अजून मारायची असंल तर मारा. चष्मा काढलाय."

अप्पा तो तुकडा मुठीत धरून निघून गेले. दुसऱ्या दिवशी हॉलला नवीन कुलूप होतं आणि सरांचं नाव पाटीवरून पुसलेलं होतं. रायफल आत अडकली. सर त्यानंतर कधीच त्या हॉलमध्ये शिकवायला गेले नाहीत. आता ते उदगीरला लेकीकडे असतात. मी नांदेडला सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. राज्याच्या स्पर्धेत मी मधल्या फळीत आले, त्यापुढे गेले नाही, आणि माझं नाव कुठल्या फलकावर नाही. मधून उदगीरला गेले की सर ओळखतात, पण आधी खांद्याकडे बघतात, मग तोंडाकडे.

पण मला सांगायचं आहे ते नांदेडचं.

स्पर्धा आठवड्यावर आली होती. सर रूमवर आले, घरमालकिणीनं मांडलेल्या खुर्चीवर न बसता दारातच उभे राहिले. "बंदूक मागायला मी गेलो तर भांडन होईल. तू जा."

"मी? अप्पांकडं?"

"तुला पायजे का न्हाई?"

मी गेले. आडत दुकानात पोत्यांची चढउतार चालली होती. अप्पा गादीवर बसले होते आणि तो लाकडी तुकडा त्यांच्या मोबाईलशेजारी ठेवलेला होता. मी गादीपाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उठले, किल्ली घेतली आणि चालायला लागले. मी मागोमाग. हॉल उघडून त्यांनी टेबलावरची रायफल दाखवली.

"उचल. धरून दाव मला."

मी डोळे मिटून ती खांद्याला लावली. उघडले. अप्पा बाजूनं, अगदी जवळून, माझ्या मानेकडे बघत होते.

"मान सरळ राहती," ते म्हणाले.

"हो."

"दुखत न्हाई?"

"नाही, अप्पा. आता नाही दुखत."

ते बाकावर बसले. बसले म्हणजे एकदम खालीच आले. "त्याची राहत न्हवती," ते म्हणाले. "पंधराचा होता. तुझ्यायेवढाच. बंदूक आनली तवा मास्तर म्हनले, अप्पा, लांब पडून राहिली, दस्ता कापू. म्या म्हनलो, येवढी चांगली चीज कापत्यात का? वाढत्या अंगाची घेतलीय. पोरगं वाढून राहिलंय, येईल मापात." त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "मान दुखती म्हनायचा. म्या म्हनायचो, नाटकं करू नको."

मी रायफल खांद्यावरून खाली घेतली.

"पोरगं वाढलंच न्हाई," अप्पा म्हणाले. मग उठून दिवा मालवला. "घेऊन जा. कुलूप लावायचंय मला."

नांदेडच्या बसमध्ये मी हे सरांना सांगितलं. रायफलीची पेटी आमच्या दोघांच्या पायांत आडवी होती. अहमदपूर मागे पडेपर्यंत सर खिडकीबाहेर बघत राहिले.

"त्यान्ला अर्धंच ठावं हाय," शेवटी ते म्हणाले. "ताप यायच्या आदल्या दिशी पोरगं हॉलवर आलं. बंदूक टेबलावर टाकली. म्हनलं, सर, ही माझी न्हाई, अप्पाची हाय, त्यान्लाच मारू द्या. मंग घरी गेलंच न्हाई. आमच्याकडं आलं. काकूच्या मांडीवर डोकं ठिवून रडलं. अप्पाचं तोंड बघायचं न्हाई म्हनलं मला. रात्री काकूनं समजावून धाडलं. सकाळी ताप. मंग शुद्धच न्हाई."

"अप्पांना माहीत नाही?"

"न्हाई."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"त्यांनी इचारलं न्हाई. इचारलं तर सांगीन. मी खोटं बोलत न्हाई, तुला ठाव हाय." माझ्याकडे न बघता ते पुटपुटले, "तवाच कापायला पायजे होती. न इचारता. मला करवत चालवता येत न्हवती का?"

स्पर्धेत मी उभी राहिले. सर प्रेक्षकांच्या बाकावर, आणि तिथंही कागदांकडे पाठ फिरवून बसलेले. लोक त्यांना सांगत होते, काका, नेम तिकडं आहे. मला मात्र नेम धरताना घाम फुटला तो वेगळ्या कारणानं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला अप्पा बसले होते. कधी आले, कसे आले, कुणाला माहीत. बसनं आले असावेत, धोतरावर धूळ होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. सगळा वेळ मधली जागा रिकामीच होती, कुणी बसायला आलं तर सर त्याला हातानं पुढं घालवत होते.

मी छान मारलं. संघात निवडलं गेल्याचं जाहीर झालं तेव्हा मैत्रिणींनी मला उचलून धरलं. त्यांच्यातून सुटून मी पेटी घेऊन सरांकडे गेले. अप्पा उठून सरांपाशी आले होते. मी दोन पावलांवर थांबले.

"मास्तर," अप्पा म्हणाले. थोबाडीत मारल्यानंतर ते सरांशी पहिल्यांदाच बोलत होते. "एक इचारू?"

"इचारा."

"शेवटाला माझ्यावर राग होता का त्याचा? तुमच्याशी बोलायचं पोरगं. माझ्याशी न्हाई बोलायचं. काय म्हनलं का कवा?"

मी सरांच्या तोंडाकडे बघत होते. आता हा माणूस सांगणार. साहेबाला बगळा म्हणणारा, लग्नात नवरदेवाचा खांदा मोजणारा, थोबाडीत खाऊनही सरळ उभा राहणारा हा माणूस आता ते सगळं जसंच्या तसं सांगणार आणि अप्पा इथं, या अनोळखी हॉलमध्ये, कोसळणार.

सरांनी चष्मा काढला. काचा शर्टाच्या टोकाला पुसल्या. परत लावला.

"राग?" ते म्हणाले. "कशाचा राग, अप्पा? शेवटच्या दिशी तर हसत गेलं. म्हनलं, सर, दस्ता कापू नका. अप्पानं येवढ्या हौसेनं आनलीय, म्या तेवढा उंच होऊन दावतो."

"असं म्हनलं?"

"असंच म्हनलं."

अप्पांनी सरांचा हात धरला. दोन्ही हातांनी. मान खाली घालून ते नुसते उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलत होते. सर त्या खांद्यांकडे बघत नव्हते. ते माझ्या डोक्यावरून पलीकडे, भिंतीकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. चोरी करताना पहिल्यांदाच सापडलेल्या माणसासारखा.

अप्पा डोळे पुसत दाराकडे गेले. मी जागची हलले नव्हते. सर माझ्यावर खेकसले.

"काय बघून राहिलीस? बंदूक पूस!"